रेफरीने मॅच घालवली का? कॉलेज आइस हॉकीच्या सामन्यानंतरचे वाद समजून घेताना

२३ मार्च २०२५, मिनियापोलिसचं रिडर अरीना. अमेरिकेतल्या महिला कॉलेज आइस हॉकीचा अंतिम सामना, आणि सलग तिसऱ्या वर्षी समोरासमोर तेच दोन संघ: विस्कॉन्सिन आणि ओहायो स्टेट. ओहायो स्टेट ३-२ ने पुढे होता. घड्याळात १८.९ सेकंद उरले होते. खेळ थांबला आणि विस्कॉन्सिनचे कोच मार्क जॉन्सन यांनी चॅलेंज घेतलं. गोलसमोरच्या झटापटीत ओहायो स्टेटच्या खेळाडूने पक (खेळातली रबरी चकती) हाताखाली दाबला, असं त्यांचं म्हणणं होतं. खेळ चालू असताना रेफरींनी तसं काही दिलं नव्हतं. चित्रण पाहिल्यावर रेफरींनी विस्कॉन्सिनला पेनल्टी शॉट दिला, म्हणजे एका खेळाडूने फक्त गोलरक्षकासमोर मारायचा शॉट. कर्स्टन सिम्सने तो गोलात घातला, बरोबरी झाली, आणि ओव्हरटाइममध्ये विजयी गोलही तिनेच केला.

नियम या बाबतीत स्पष्ट आहे. गोलसमोरच्या निळ्या रंगाच्या अर्धवर्तुळाकार जागेला क्रीज म्हणतात. तिथे पकवर हात ठेवून तो दाबण्याची मुभा फक्त गोलरक्षकाला असते. बचाव करणाऱ्या दुसऱ्या कुणी ते केलं, तर समोरच्या संघाला पेनल्टी शॉट मिळतो. म्हणजे पुस्तकाप्रमाणे निर्णय योग्य. तरीही जेतेपद हातातोंडाशी आलेलं असताना असा घास गेला, तर त्या संघाच्या चाहत्याने रात्रभर तळमळावं यात नवल नाही. तो विचारेल की याच सामन्यात आधी दहा वेळा काही ना काही सुटलं, ते का नाही पाहिलं? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं खरं उत्तर रेफरीच्या नजरेपेक्षा नियमांच्या रचनेत सापडतं.

आपल्याकडे हॉकी म्हणजे मैदानावरची. पण मिशिगन, मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मॅसॅच्युसेट्स इथे शिकायला गेलेली मराठी मुलं पहिल्याच हिवाळ्यात कुणा मित्राबरोबर रिंकवर पोचतात, विद्यार्थ्यांच्या स्टँडमध्ये उभी राहून ओरडायला शिकतात, आणि सामना संपल्यावर चाललेल्या वादात मात्र गप्प बसतात. वाद कशावरून चाललाय तेच कळत नाही. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी, आणि इथे बसून त्यांच्याबरोबर सामना पाहणाऱ्या घरच्यांसाठी.

थोडी पायाभूत माहिती आधी. नेहमीचं रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असतं. काही कॉलेजांची रिंकं याहून रुंद आहेत. प्रत्येक बाजूला पाच स्केटर आणि एक गोलरक्षक, आणि वीस मिनिटांचे तीन पीरियड. हंगामात बहुतेक वेळा तेच दोन संघ शुक्रवारी आणि शनिवारी लागोपाठ भिडतात, त्यामुळे शुक्रवारचा राग विझायच्या आत शनिवारचा सामना सुरू होतो. पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत फक्त १६ संघ जातात आणि निवड करताना अख्ख्या हंगामाचे निकाल मोजले जातात. नोव्हेंबरमधली एक हार मार्चमध्ये आडवी येऊ शकते. म्हणून एका शिट्टीवरून एवढं रान पेटतं.

तक्रार नेमकी कशाबद्दल?

बर्फावर चार पंच असतात. दोन रेफरी आणि दोन लाइन्समन. दंडावर नारिंगी पट्टी असलेले ते रेफरी. पेनल्टी देणं, म्हणजे खेळाडूला शिक्षा म्हणून काही मिनिटं बाहेर बसवणं, आणि गोल ठरवणं हे त्यांचं काम. लाइन्समन ऑफसाइड (पकच्या आधी हल्ल्याच्या भागात शिरणं) आणि आयसिंग (आपल्या अर्ध्यातून पक थेट पलीकडच्या गोलरेषेपार फेकणं) पाहतात, फेसऑफला, म्हणजे खेळ सुरू करताना, पक टाकतात. खेळाडू ताशी तीस किलोमीटरहून अधिक वेगाने येतात आणि तीन इंच व्यासाचा पक त्याच्या कितीतरी पट वेगाने जातो. शिवाय हे पंच स्वतःही स्केटवर असतात. बोर्डला चिकटून उभे राहतात, अंगावर येणाऱ्या खेळाडूला चुकवतात, आणि त्याच क्षणी पाहतात. कॉलेजच्या पातळीवरच्या बऱ्याच पंचांचं पोट या कामावर चालत नाही. आठवडाभर दुसरी नोकरी करून ते शुक्रवारी संध्याकाळी रिंकवर येतात.

सामन्यानंतर ‘रेफरीने मॅच घालवली’ हे एक वाक्य ऐकू येतं, पण त्याच्या पोटात तीन वेगळ्या तक्रारी असतात. एक, रेफरीला दिसलंच नाही. दोन, दिसलं, पण त्याने वेगळा अर्थ लावला. तीन, नंतर सगळ्यांना दिसलं, पण नियमाने ते पुन्हा उघडता येत नव्हतं. या तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत आणि वाद करताना त्यांची सरमिसळ झाली की तो सकाळपर्यंत संपत नाही.

पहिल्या तक्रारीवर इलाज कमी. पकपासून दूर, रेफरीच्या पाठीमागे कुणी कुणाला स्टिकने आडवलं, तर ते सुटतं. टीव्हीचा कॅमेरा उंचावर असतो, त्यातून आपल्याला संपूर्ण रिंक दिसतं. रेफरीच्या डोळ्यांसमोर चार जणांची गर्दी असते.

तिसरी तक्रार सगळ्यात जास्त गैरसमजाची. व्हिडिओ आहे म्हणजे सगळं तपासता येतं, असं नव्या प्रेक्षकाला वाटतं. तसं नाही. पक गोलरेषेच्या पूर्ण पार गेला का, गोल पायाने लाथाडून झाला का, स्टिक क्रॉसबारच्या वर होती का, गोलआधी ऑफसाइड होता का, गोलरक्षकाला अडथळा झाला का, अशा ठरावीक गोष्टी पाहता येतात. पाच मिनिटांची मोठी पेनल्टी दिली असेल, तर तीही पडद्यावर तपासली जाते. पण साधं ट्रिपिंग (पाय अडकवून पाडणं) किंवा हुकिंग (स्टिकने ओढून अडवणं), म्हणजे दोन मिनिटांच्या पेनल्टीचा प्रकार, सुटला तो सुटला. त्यातून पुढच्या दहा सेकंदांत गोल झाला तरी तो मागे जाऊन तपासता येत नाही. मिनियापोलिसमध्ये पकवरचा हात तपासला गेला, कारण तो तपासता येणाऱ्या प्रकारांत बसत होता. त्याच शेवटच्या मिनिटात कुणी कुणाला ओढलं असतं, तर कोचच्या हातात काहीच नव्हतं. मला स्वतःला ही रचना पटते. प्रत्येक धक्का तपासायचा ठरवला तर अडीच तासांचा सामना पाच तासांचा होईल. पण तिची किंमत ही आहे की काही अन्याय उघड्या डोळ्यांनी पाहावे लागतात.

कोचचं चॅलेंजही फुकट नसतं. ते फसलं तर टाइमआउट गमवावा लागतो. म्हणून ‘कोचने चॅलेंज का घेतलं नाही’ हा प्रश्न विचारताना त्या क्षणी टाइमआउट किती मोलाचा होता, हेही पाहावं.

तपासणीतही एक मर्यादा असते. बर्फावर दिलेला निर्णय फिरवायला स्पष्ट पुरावा लागतो. क्रिकेटमध्ये डीआरएसच्या वेळी ‘अंपायर्स कॉल’ येतो आणि मूळ निर्णय तसाच राहतो, तोच प्रकार इथे आहे. पडद्यावर चित्र धूसर असेल, पक कुणाच्या पॅडखाली झाकला असेल, तर बर्फावरचं म्हणणं कायम. त्यामुळे तोच प्रसंग एका सामन्यात गोल ठरतो आणि दुसऱ्यात नाही. फरक फक्त रेफरीने आधी हात कुठल्या बाजूला केला, एवढाच असतो.

फार्गोची रात्र

ऑफसाइडचं उदाहरण द्यायचं तर मार्च २०२१ मधलं फार्गो, नॉर्थ डकोटा. राष्ट्रीय स्पर्धेत मिनेसोटा डुलुथ आणि नॉर्थ डकोटा. डुलुथ २-० ने पुढे असताना नॉर्थ डकोटाने शेवटच्या दोन मिनिटांत दोन गोल करून बरोबरी साधली. पहिल्या ओव्हरटाइममध्ये डुलुथने गोल केला, खेळाडू एकमेकांच्या अंगावर पडून नाचले, आणि मग पडद्यावर पाहून तो ऑफसाइड म्हणून रद्द झाला. त्यानंतर सामना चालतच राहिला. पाचव्या ओव्हरटाइममध्ये ल्यूक मायलिमॉकने गोल केला तेव्हा एकूण १४२ मिनिटं १३ सेकंदांचा खेळ झाला होता. राष्ट्रीय स्पर्धेतला तो सर्वांत लांबलेला सामना.

ऑफसाइडचा नियम ऐकायला सोपा आहे. हल्ला करणाऱ्या संघाचा कुणीही पकच्या आधी समोरची निळी रेषा, म्हणजे समोरच्या संघाच्या भागाची सीमा, ओलांडून आत जाऊ नये. अडचण अशी की रेषा ओलांडल्यावर गोल होईपर्यंत बराच वेळ जाऊ शकतो. तोवर पक तीन जणांकडून फिरलेला असतो, बचावपटूंना सावरायला संधी मिळालेली असते, आणि रेषेवरच्या त्या काही इंचांचा गोलशी संबंध उरलेला नसतो. तरी गोल रद्द होतो. चाहते म्हणतात की हा नियमाच्या हेतूशी खेळ आहे. मला त्यांची बाजू समजते, तरी रेषेच्या बाबतीत मी काटेकोरपणाच्या बाजूने आहे. ‘थोडासा ऑफसाइड चालेल’ म्हटलं की थोडासा म्हणजे किती, हा नवा वाद सुरू होईल, आणि तो तर कुठल्याच पडद्यावर सुटणार नाही.

गोलरक्षकाला झालेला अडथळा हा मात्र खरोखर अर्थ लावण्याचा, म्हणजे दुसऱ्या तक्रारीचा, विषय आहे. प्रश्न असा की गोलरक्षकाला त्याचं काम करायची मोकळीक मिळाली का? हल्लेखोर क्रीजमध्ये स्वतःहून शिरला आणि धडकला, तर गोल जातो. बचावपटूनेच त्याला आत ढकललं, आणि त्याने टाळायचा प्रयत्न केला, तर गोल राहू शकतो. ‘टाळायचा प्रयत्न केला’ हे पाहणारा माणूस ठरवणार. दोन प्रामाणिक रेफरी इथे दोन निर्णय देऊ शकतात आणि दोघांचंही चुकत नाही. या प्रसंगावर तावातावाने बोलण्याआधी चित्रण हळू गतीत पाहावं आणि आधी बचावपटूच्या हातांकडे बघावं. निम्मे वाद तिथेच मिटतात.

दुसरा जुना आरोप म्हणजे हिशेब बरोबर करणं. एका संघाला लागोपाठ तीन पेनल्ट्या दिल्या की चौथी समोरच्याला मिळणारच, असं चाहते म्हणतात. हा निव्वळ मनाचा खेळ नाही. एनएचएलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या, आकडेवारीवर झालेल्या अभ्यासांत दिसलं आहे की आतापर्यंत कमी पेनल्ट्या मिळालेल्या संघाला पुढची पेनल्टी मिळण्याची शक्यता जास्त असते, आणि घरच्या संघाला थोडं झुकतं माप मिळतं. पण यातून एखाद्या रात्रीच्या एखाद्या रेफरीची लबाडी सिद्ध होत नाही. हजारो शिट्ट्यांमधून दिसणारा कल एका शिट्टीवर चिकटवता येत नाही. आणि हंगामाच्या शेवटी आणखी एक गोष्ट घडते. कॉलेज हॉकी वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या गटांमध्ये, विभागलेली आहे आणि पंचांची नेमणूक कॉन्फरन्स करतं. राष्ट्रीय स्पर्धेत सहसा तटस्थ कॉन्फरन्सचे पंच येतात. वर्षभर ज्या धक्क्याला शिट्टी वाजत नव्हती, त्याला अचानक वाजू लागते. चाहत्याला तो पक्षपात वाटतो, खरं तर मोजपट्टी बदललेली असते.

काही वाद तर निव्वळ नियम माहीत नसल्याने होतात, विशेषतः एनएचएल पाहून आलेल्यांचे. पेनल्टी झाली, रेफरीने हात वर केला, पण शिट्टी वाजली नाही, कारण पक अजून बळी पडलेल्या संघाकडेच आहे. तेवढ्यात त्या संघाने गोल केला. एनएचएलमध्ये अशा वेळी ती छोटी पेनल्टी रद्द होते. कॉलेजमध्ये गोलही मिळतो आणि पेनल्टीही भोगावी लागते. तसंच मारामारी. एनएचएलमध्ये हातमोजे टाकून भांडले तर पाच मिनिटं बसून परत येतात. कॉलेजमध्ये सामन्यातून बाहेर, आणि पुढच्या सामन्यालाही बंदी. डोक्याला झालेल्या धडकेबाबतही कॉलेज फार कडक आहे, आणि ते असलंच पाहिजे. ही १८ ते २४ वर्षांची मुलं आहेत. बहुतेकांना पुढे याच डोक्याने दुसरं काही काम करायचं आहे.

खेळाडूवर खापर

रेफरीवर बोलून झालं की गाडी खेळाडूंकडे वळते, आणि इथे मला जास्त काळजी वाटते. रेफरीचं नाव फार जणांना ठाऊक नसतं. खेळाडूचं नाव मात्र जर्सीवर लिहिलेलं असतं, आणि तो सोमवारी त्याच वर्गात, त्याच मेसमध्ये बसणार असतो.

११ एप्रिल २०१५, बॉस्टनचं टीडी गार्डन. पुरुषांचा अंतिम सामना, बॉस्टन युनिव्हर्सिटी विरुद्ध प्रॉव्हिडन्स. बॉस्टन युनिव्हर्सिटीकडे त्या वर्षीचा होबी बेकर पुरस्कार, म्हणजे कॉलेज हॉकीतल्या सर्वोत्कृष्ट खेळाडूचा पुरस्कार, मिळवलेला जॅक आयकेल होता. तिसऱ्या पीरियडमध्ये ते ३-२ ने पुढे होते. प्रॉव्हिडन्सकडून लांबवरून एक निरुपद्रवी पक उंच आला. गोलरक्षक मॅट ओकॉनर याने तो झेलला, खाली टाकायला गेला, आणि पक निसटून त्याच्याच पायांमधून गोलरेषेपार गेला. ३-३. थोड्याच वेळात ब्रँडन टेनेव्हने चौथा गोल केला आणि प्रॉव्हिडन्स ४-३ ने जिंकलं.

अनेकांच्या मनात त्या सामन्याचं एकच चित्र राहिलं आहे. पण पलीकडच्या गोलात जॉन गिलीस उभा होता आणि त्याने ४९ शॉट अडवले. बॉस्टन युनिव्हर्सिटीने ५२ शॉट मारले आणि त्यातले तीनच गोलात गेले. स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू गिलीस ठरला. ‘ओकॉनरने घालवली’ हे वाक्य खरं ठरवायचं तर ‘गिलीसने जिंकली’ हे विसरावं लागतं. शिवाय जो संघ तोवर पुढे होता, तो आपल्याच गोलरक्षकामुळेही पुढे होता.

गोलरक्षकाचं मोजमाप म्हणजे सेव्ह टक्केवारी, आलेल्या शॉटपैकी किती अडवले. हंगामभरात ९२ टक्के म्हणजे चांगला. एका सामन्यात मात्र हा आकडा फसवा असतो. पंचवीस शॉट आले आणि एक गोल झाला तर ९६ टक्के, रात्रीचा नायक. दोन झाले तर ९२. तीन झाले तर ८८, आणि चाहते दुसरा गोलरक्षक उतरवा म्हणू लागतात. नायक आणि खलनायक यांच्यात फक्त दोन पकचं अंतर! त्यातला एक कदाचित आपल्याच बचावपटूच्या स्केटला लागून वळलेला असतो.

शॉटची संख्याही एकटी फारसं सांगत नाही. २०२३ च्या पुरुषांच्या अंतिम सामन्यात मिनेसोटा २-० ने पुढे होता, पण शॉट क्विनिपिऐकचे जवळजवळ दुप्पट होते, आणि शेवटी ओव्हरटाइमच्या दहाव्याच सेकंदाला जेकब क्विलनने गोल करून त्यांनी सामना ३-२ ने जिंकला. तिथे शॉटचा कल खरा ठरला. २०१५ मध्ये तोच कल हरला. एका रात्रीत गोलरक्षक आणि नशीब मिळून काहीही करू शकतात. वीस-तीस सामने पाहिले की मात्र जो संघ सातत्याने जास्त शॉट मारतो, तो बहुधा वर येतो. म्हणून अभ्यासू चाहते फक्त गोलवर आलेले शॉट मोजत नाहीत. अडवले गेलेले, बाहेर गेलेले, खांबाला लागलेले असे सगळे प्रयत्न धरतात. खांबाला लागून परतलेला शॉट अधिकृत नोंदीत ‘गोलवरचा शॉट’ धरला जात नाही, हे अनेक जुन्या प्रेक्षकांनाही ठाऊक नसतं. या सगळ्या प्रयत्नांच्या बेरजेला कोर्सी म्हणतात, जिम कोर्सी या गोलरक्षक-प्रशिक्षकाच्या नावावरून.

सगळ्यात जास्त गैरवापर होतो तो प्लस-मायनसचा. खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाने गोल केला तर अधिक एक, खाल्ला तर उणे एक. पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा माणूस पेनल्टीत बसलेला असताना, केलेले गोल यात धरत नाहीत. बर्फावर येऊन दोनच सेकंद झालेला, पकच्या जवळपासही नसलेला खेळाडू उणे एक घेऊन बेंचवर परततो. एका रात्री ‘उणे तीन’ असलेल्या मुलाला झोडपण्याआधी तिन्ही गोल पुन्हा पाहावेत. पक गमावला कुणी, माणूस सुटला कुणाचा, आणि हा तेव्हा कुठे होता? मागच्या बदलीत कुणी थकून उशिरा बेंचवर आला असेल, तर गोलचं मूळ तिथे असतं. शिफ्ट, म्हणजे एका वेळी बर्फावर राहायचा वेळ, पाऊण मिनिटाची असते. दीड मिनिट अडकून पडलेल्या पाच जणांचे पाय चालत नाहीत, आणि अशा वेळी झालेल्या गोलात एकट्याचा दोष शोधणं अन्यायाचं आहे.

आणि तो कुणासमोर खेळत होता, हे तर पाहावंच. खेळ थांबला की पाहुण्या संघाने आधी खेळाडू बदलायचे, मग घरच्या संघाने. ही शेवटच्या बदलाची सवलत घरच्या कोचच्या हातातलं मोठं अस्त्र आहे. आपली सर्वोत्तम बचाव जोडी समोरच्या सर्वांत घातक त्रिकुटावर सोडायची, हे त्याला जमवता येतं. पाहुण्या कोचला ते जमत नाही. म्हणून घरच्या रिंकवर ज्या बचावपटूला कोच मुद्दाम सर्वांत अवघड काम देतो, त्याचे आकडे बरेचदा सर्वांत वाईट दिसतात. तिसऱ्या फळीविरुद्ध खेळणारा त्याचा सहकारी अधिक दोन घेऊन येतो आणि त्याचं कौतुक होतं. पुढच्या आठवड्यात संघ दौऱ्यावर जातो, शेवटचा बदल समोरच्या कोचकडे जातो, आणि त्याच दोघांच्या वाट्याला उलट काम येऊ शकतं. सामना चालू असताना बेंचकडे थोडा वेळ नजर ठेवली आणि कोण कुणासमोर उतरतोय ते टिपलं, तर सामना संपल्यावर आकड्यांचा कागद हातात आल्यावर त्यातला कुठला आकडा कुणाचा, हे आपल्याला आधीच माहीत असतं.